जियारत आहे, म्हणजे वारलं कोण?

आमच्या निपाणीत चौकातल्या एका फ्लेक्सनं शेजारच्या काकूंना चांगलंच दचकवलं. बाजारातून पिशवी घेऊन त्या थेट आमच्या उंबऱ्यावर आल्या आणि अम्माला दबक्या आवाजात म्हणाल्या, "कोण गेलं हो तुमच्यातलं? चौकात केवढं मोठं जियारत लिहिलंय." फ्लेक्स होता उमरा टूरचा. हिरवा घुमट, काळा काबा, विमान आणि खाली ठळक अक्षरांत 'मक्का-मदिना, संपूर्ण जियारतसह'.

चूक काकूंची नव्हती. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात मराठी पेपर उघडला की निधन वार्तांच्या रकान्यात एकाखाली 'रक्षाविसर्जन शुक्रवारी' असतं आणि दुसऱ्याखाली 'जियारत शनिवारी सकाळी 10 वाजता'. पन्नास वर्षं हेच वाचलेल्या माणसाला जियारत म्हणजे तिसऱ्या दिवसाचा विधी वाटणारच. त्यातून हजच्या अर्जांची बातमी दरवर्षी येते, उमराच्या जाहिराती बाराही महिने चालू असतात. हज वेगळा का, उमरा म्हणजे काय, मदिनेत नेमकं काय करतात, हे विचारावं तर कुणाला आणि कसं, असा संकोच असतो. काकूंना तो नव्हता. त्यांचे त्या दिवशीचे आणि नंतरचे प्रश्न मी इथं घेतले आहेत. काही प्रश्न आमच्याच घरातल्या पोरांचेही आहेत, त्यांनाही हे नीट ठाऊक नसतं.

शब्द एक, घरं तीन

जियारत म्हणजे भेटायला जाणं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ एवढाच. मयताच्या तिसऱ्या दिवशी नातलग कबरस्तानात जाऊन दुआ मागतात, ती त्या कबरीची भेट, म्हणून जियारत. दर्ग्याला 'मजार' म्हणतात, तो शब्दही याच घराण्यातला: जिथं भेटीला जातात ती जागा. उरसाला येणारे 'जायरीन' म्हणजे भेटीला आलेले लोक. आणि मक्का-मदिनेच्या सफरीत पैगंबर मुहम्मद यांच्या आयुष्याशी जोडलेल्या डोंगर, गुहा, मशिदी, रणभूमी, कबरी पाहायला जाणं, तीही जियारत. फ्लेक्सवर होती ती ही तिसरी.

एक खाच आहे, ती आताच सांगून टाकतो. हजमध्ये 'तवाफ-ए-जियारत' नावाचा एक विधी आहे. तवाफ म्हणजे काब्याभोवती सात फेऱ्या. ही विशिष्ट फेरी हजचा अनिवार्य भाग आहे, ती चुकली तर हज पूर्ण होत नाही. नावात जियारत असली तरी तिचा बसमधून स्थळं बघण्याशी संबंध नाही. टूरवाल्याच्या छापील कार्यक्रमात दोन्ही जियारती एकाच पानावर येतात आणि पहिल्यांदा जाणारा माणूस गोंधळतो.

हज किती दिवसांचा? उमरा किती तासांचा?

हज कमिटीमार्फत जाणारा आपल्याकडचा माणूस बऱ्याचदा चाळीसएक दिवस घराबाहेर असतो. प्रत्यक्ष हज मात्र पाच-सहा दिवसांत उरकतो. इस्लामी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, जिलहजच्या 8 तारखेला, हाजी मक्केजवळच्या मिना इथल्या तंबूंत जातात. 9 तारखेला अरफातच्या मैदानात दुपारपासून सूर्यास्तापर्यंत थांबून दुआ. ती रात्र मुजदलिफा इथं उघड्यावर. 10 तारखेला परत मिनाला येऊन सैतानाचं प्रतीक असलेल्या खांबाला खडे मारणं, कुर्बानी, केस उतरवणं, मग तो तवाफ-ए-जियारत. पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा खडे. संपलं. यात अरफातचा मुक्काम हा कणा. पैगंबरांचं वचनच आहे की हज म्हणजे अरफात. बाकीच्या काही चुकांवर उपाय आहेत, अरफात चुकलं तर त्या वर्षीचा हज गेला.

उमरा त्याहून आटोपशीर. विशिष्ट हद्दीच्या आधी एहराम बांधायचा (पुरुषांसाठी दोन बिनशिवलेली पांढरी वस्त्रं), काब्याला सात फेऱ्या, सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा, आणि केस कापणं. गर्दी नसेल तर तीन-चार तासांत होतो. वर्षभरात कधीही करता येतो आणि त्यानं हजचं कर्तव्य फिटत नाही.

आता हिशेब करा. चाळीस दिवसांतले सहा दिवस हजचे, काही तास उमराचे. पंधरा दिवसांच्या उमरा टूरमध्ये तर मूळ विधी अर्ध्या दिवसाचा. बाकीच्या दिवसांत माणूस काय करतो? हरममध्ये, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीत, पाच वेळा नमाज पढतो, जास्तीचे तवाफ करतो, मक्केतल्या अजीजिया भागातल्या खोलीवर भात-डाळ खातो, पाय चेपत बसतो. आणि जियारतीला जातो.

मग न गेलं तर चालतं का?

चालतं. आणि हेच समजायला लोकांना सगळ्यात जड जातं.

काकूंना मी लग्नाचा दाखला दिला. लग्न कधी लागतं? अक्षता पडल्या की लागतं. त्यानंतर आपल्या भागात नवरा-नवरी जोडीनं जोतिबाला जातात, कोल्हापुरात अंबाबाईला जातात, कुलदैवताला जातात. न गेले म्हणून लग्न मोडत नाही, नोंदणी रद्द होत नाही. पण 'आम्ही गेलोच नाही' असं सांगणारं घर मला दाखवा. हज म्हणजे अक्षता आणि जियारत म्हणजे जोतिबा. पहिल्यात एक पायरी चुकली तर गोष्टच अपुरी, दुसऱ्यात सगळा मामला मायेचा.

धर्मशास्त्राच्या भाषेत पहिलं 'फर्ज', म्हणजे करायलाच हवं असं कर्तव्य. दुसरं केलं तर पुण्य, नाही केलं तर पाप नाही. मदिना शहरही या दुसऱ्या खात्यात येतं हे ऐकून आमचेच लोक चमकतात. हजचा एकही विधी मदिनेत होत नाही. मक्केपासून ते साधारण 450 किलोमीटर दूर आहे, 2018 पासून दोन्हीमध्ये वेगवान रेल्वेही धावते. तरीही मदिना न बघता परतलेला हाजी आमच्या गावात कुणी पाहिलेला नाही. तिथं आठ दिवस राहून चाळीस नमाज पढायचे, असा आपल्याकडचा रिवाज. पाच वेळा आठ म्हणजे चाळीस. याला आधार असलेल्या कथनावर विद्वानांत मतभेद आहेत आणि तो हजचा भाग तर नाहीच, पण प्रवासाच्या तारखा मात्र या चाळीसवर बेतल्या जातात.

मक्केच्या आसपास काय बघतात?

सकाळच्या नमाजनंतर बस निघते आणि बहुतेक दुपारच्या नमाजच्या आत परत आणून सोडते. अरफात, मुजदलिफा, मिना ही हजचीच ठिकाणं, पण हजचे दिवस नसताना रिकामी पडलेली. पांढऱ्या तंबूंचं अख्खं शहर, आणि माणूस एक नाही. यल्लम्माची यात्रा संपल्यावर सौंदत्तीचा डोंगर बघावा, तसं काहीसं.

मग दोन डोंगर. जबल-ए-नूर साधारण 640 मीटर उंचीचा. त्याच्या माथ्याजवळच्या हिरा गुहेत इसवी सन 610 मध्ये, वयाच्या चाळिशीत, पैगंबरांना पहिला ईश्वरी संदेश मिळाला अशी श्रद्धा आहे. पहिला शब्द होता 'इकरा', म्हणजे वाच. मी शाळामास्तर असल्यामुळे हा शब्द मला जरा जास्तच जवळचा वाटतो. गुहा म्हणजे मोठी लेणी-बिणी नव्हे, दोन-चार माणसं दाटीनं उभी राहतील एवढी खडकांतली कपार. दुसरा डोंगर जबल-ए-सौर. 622 मध्ये मक्केतल्या विरोधकांनी जिवावर उठून पाठलाग केला तेव्हा पैगंबर आणि त्यांचे सोबती अबू बक्र तीन रात्री तिथल्या गुहेत लपले. गुहेच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं, म्हणून शोधणारे माघारी फिरले, ही गोष्ट आमच्याकडं लहान मुलांना झोपताना सांगतात. तिथून ते मदिनेला गेले. त्या स्थलांतराला हिजरत म्हणतात, आणि हिजरी सन तिथून मोजला जातो.

सौर बहुतेक जण खालूनच बघतात. हिरावर तरणे लोक चढतात, तासाभराची दमछाक आहे. मी आणि अम्मा उमऱ्याला गेलो होतो, तेव्हा मी पहाटे चढलो. अम्मा खाली चहाच्या टपरीजवळ बसून राहिली. वर पोचल्यावर पहिली गोष्ट दिसली ती काबा नव्हे, त्याच्या शेजारचा 601 मीटर उंच घड्याळाचा टॉवर.

जन्नतुल मुअल्ला हे मक्केचं जुनं कबरस्तान. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा यांची कबर तिथं आहे.

उहुद: एक टेकडी सोडल्याची गोष्ट

मदिनेच्या जियारतीत मशिदी बऱ्याच आहेत. कुबा ही हिजरतीनंतरची पहिली मशीद. दोन किबल्यांची मशीद किबलतैन, जिच्याशी 624 मध्ये नमाजची दिशा जेरुसलेमकडून मक्केकडं बदलल्याची आठवण जोडलेली आहे. मदिनेहून जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला, म्हणजे नमाजातल्या लोकांना अक्षरशः पाठमोरं वळावं लागलं. खंदकाच्या लढाईची जागाही दाखवतात. 627 मध्ये इराणहून आलेल्या सलमान फारसी यांच्या सल्ल्यानं शहराच्या उघड्या बाजूला चर खणून हल्ला अडवला होता. चर आता दिसत नाही, मशिदी आहेत.

पण जिथं पाय थबकतात ती जागा उहुद. शहराच्या उत्तरेला लालसर, बोडका, लांबच लांब डोंगर आणि त्याच्यासमोर एक बुटकी टेकडी. टेकडी म्हणजे किती? आपल्या यळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याची एखादी चढण, एवढीच. 625 मध्ये मक्केचं सुमारे तीन हजारांचं सैन्य चालून आलं. मुसलमान सातशेच्या घरात. पैगंबरांनी या बुटक्या टेकडीवर 50 तिरंदाज बसवले आणि सांगितलं, आम्ही जिंकताना दिसो वा हरताना, जागा सोडायची नाही. लढाई सुरुवातीला जिंकल्यासारखीच झाली. शत्रू पळू लागला, खाली लूट दिसली, आणि तिरंदाजांतले बहुतेक जण उतरले. नायक ओरडत राहिला. मागं मोजकेच उरले. तेवढ्यात खालिद बिन वलीद यांचं घोडदळ (ते तेव्हा विरोधी बाजूला होते) टेकडीला वळसा घालून पाठीवर आलं. सत्तर माणसं मारली गेली. पैगंबर स्वतः जखमी झाले, त्यांचे चुलते हमजा पडले.

ही गोष्ट मी मदरशात पाच वेळा ऐकली होती. कळली मात्र त्या टेकडीवर उभं राहिल्यावर. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला मैदान, आणि मधली ती एकच फट. ती फट उघडी पडली की सगळं संपलं, हे दिसतं, कुणी समजवावं लागत नाही. किल्ले फिरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बखर घरी वाचता येते, पण बुरुजावरून खाली बघितल्याशिवाय तोफ कुठून कुठं पोचत असेल याचा अंदाज येत नाही. जियारतीचा मोठा भाग असा आहे. पुण्य किती लागतं हे आलिम, म्हणजे धर्मपंडित, सांगतील, डोक्यातला नकाशा मात्र पक्का होतो.

टेकडीखाली जाळीबंद भिंतीआड शहिदांच्या कबरी आहेत. ना घुमट, ना चादर, ना नाव. जाळीबाहेर खजूर आणि तसबी, म्हणजे जपमाळा, विकणारे.

रौजा: एका शब्दानं केलेला घोळ

मोबाइलवर 'रौजाची परवानगी' काढावी लागते, हे ऐकून अनेकांना वाटतं की पैगंबरांच्या कबरीवर सलाम करायलाच ऑनलाइन बुकिंग लागतं. तसं नाही.

पैगंबर 632 मध्ये पत्नी आयेशा यांच्या खोलीत वारले आणि तिथंच दफन झाले. शेजारी अबू बक्र आणि उमर या सोबत्यांच्या कबरी. ही खोली मशिदीला लागून होती, मशीद वाढत गेली तशी ती आत आली. आपल्याकडचे लोक या कबरीला रौजा म्हणतात. अरबी बोलीत मात्र रौजा म्हणजे त्या खोलीपासून पैगंबरांच्या व्यासपीठापर्यंतचा मशिदीचा तुकडा, ज्याला रियाजुल जन्नह, म्हणजे जन्नतची बाग, म्हणतात. 'माझं घर आणि माझं व्यासपीठ यांमधली जागा जन्नतच्या बागांपैकी एक' असं वचन आहे. हा तुकडा आपल्या शाळेच्या सभागृहाएवढाही नाही. वर्षानुवर्षं तिथला गालिचा हिरवा आणि बाकी मशिदीत लाल असायचा. लाखो लोकांना तिथंच दोन रकात (नमाजची आवर्तनं) पढायच्या असतात, म्हणून नुसुक नावाच्या सौदी अ‍ॅपवर वेळ घ्यावी लागते. पुरुषांच्या वेळा वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या. एकदा जाऊन आल्यावर पुन्हा लगेच वेळ सहसा मिळत नाही. सलामासाठी सोनेरी जाळीसमोरून जाणारी रांग निराळी, तिला बुकिंग नाही. तिथं थांबू देत नाहीत. पहारेकऱ्यांना हिंदीतला एक शब्द पक्का येतो: चलो.

आणि तो हिरवा घुमट, जो आमच्या प्रत्येक दिनदर्शिकेवर असतो? मूळ घुमट 1279 मध्ये इजिप्तचे मामलुक सुलतान कलावून यांच्या काळात चढला आणि हिरवा रंग 1837 मध्ये उस्मानी, म्हणजे तुर्की, राजवटीत लागला. म्हणजे पैगंबरांनंतर बाराशे वर्षांनी. मी हे सांगितलं की आमचे मामू अजून रागावतात.

कबरींना नावं का नाहीत? आणि आपल्याकडं उरूस का आहे?

मदिनेच्या मशिदीशेजारी जन्नतुल बकी हे कबरस्तान. पैगंबरांच्या घरातली आणि सोबत्यांतली कितीतरी माणसं तिथं आहेत. आत गेलं की दिसते माती आणि उभे केलेले ओबडधोबड दगड. बायकांना आत सोडत नाहीत. आमच्या बसमधल्या बायका बाहेरच्या जाळीला धरून उभ्या राहिल्या.

पूर्वी इथं घुमट होते. 1925-26 च्या सुमारास नव्या सौदी राजवटीनं ते पाडले. अठराव्या शतकातल्या मुहम्मद बिन अब्दुल वहाब यांच्या शिकवणीनुसार कबरीवर बांधकाम करणं, तिथं मागणं मागणं हे अल्लाहच्या बरोबरीनं दुसऱ्याला बसवण्यासारखं आहे. त्यामुळे सौदी अधिकाऱ्यांची भूमिका अशी की सलाम करा, दुआ करा, पण चिकटून राहू नका. जबल-ए-नूरच्या पायथ्याशीही 'इथं चढण्याचा, नमाज पढण्याचा, दगडांना हात लावण्याचा आदेश पैगंबरांनी दिलेला नाही' अशा अर्थाचे फलक लावलेले असायचे. लोक ते वाचून चढत.

आपल्याकडची वहिवाट निराळी. विजापूरच्या आसार महालात पैगंबरांच्या दाढीचे केस जपलेले आहेत अशी श्रद्धा आहे. मुहम्मद आदिलशहानं 1646 च्या सुमारास न्यायसभेसाठी बांधलेली ती इमारत त्यामुळेच पूज्य ठरली. आमच्या पट्ट्यात पिराच्या उरसाला संदल निघतो, नारळ फुटतो, आणि मानकरी पुष्कळदा पाटील असतात. हे बघत वाढलेला माणूस बकीत उभा राहतो तेव्हा त्याला ती जागा उघडी-बोडकी वाटते, रडूही येतं. दुसरीकडं, आमच्याच गल्लीत असे लोक आहेत ज्यांना तो साधेपणाच खरा इस्लाम वाटतो. कबरींना भेट द्यावी, कारण त्यानं मरणाची आठवण राहते, हे वचन दोघेही मानतात. भांडण भेटीवर नाही, भेटीत काय करायचं यावर आहे. शिया बांधवांसाठी तर बकीचं पाडकाम ही आजही दुखरी जखम आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर कबरीवरच्या घुमटाचा वाद मी विद्वानांवर सोडतो. पण 2002 मध्ये मक्केतला उस्मानी काळातला अजयाद किल्ला टॉवर-हॉटेलांसाठी जमीनदोस्त झाला, तेव्हा कुणी त्याची पूजा करत नव्हतं. तो राहायला हवा होता. बेळगावच्या किल्ल्यात जुनी कमल बस्ती आहे, 1519 ची सफा मशीद आहे, रामकृष्ण आश्रम आहे, सगळं एका तटात. जुनं राखून नवं बांधता येतं, हे आम्हाला घरबसल्या दिसतं.

'पण काळ्या दगडाचं चुंबन घेताच ना?'

हा प्रश्न काकूंचा नाही, कट्ट्यावरच्या एका मित्राचा. थोडा खोचक, पण रास्त. काब्याच्या कोपऱ्यातला हजर-ए-अस्वद लोक चुंबतात. मग मूर्तिपूजेला नकार कुठं राहिला? याचं उत्तर पैगंबरांनंतरचे दुसरे खलिफा उमर यांनीच देऊन ठेवलंय. दगडासमोर उभे राहून ते म्हणाले होते: मला ठाऊक आहे तू दगड आहेस, तू ना कुणाचं बरं करू शकतोस ना वाईट. पैगंबरांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. म्हणजे भाव दगडाशी नाही, पावलावर पाऊल ठेवण्याशी आहे. वडिलांचा जुना चष्मा आपण कपाटात जपून ठेवतो, त्यातून आपल्याला दिसत नसतं तरी. मित्राला हे पूर्ण पटलं नाही. तुम्हालाही पटलंच पाहिजे असं नाही, पण आतल्या माणसाचं उत्तर हे आहे.

पैसे कोण देतं?

ज्याचे तो. विमान भाड्यावरची सरकारी सवलत, जिला हज अनुदान म्हणत, ती टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये दिला आणि 2018 मध्ये केंद्रानं ती पूर्ण थांबवली. उमऱ्याला तर ती कधी नव्हतीच. भारताचा हजचा कोटा अलीकडच्या वर्षांत 1,75,025 आहे. त्यातला हज कमिटीचा वाटा राज्यांत मुस्लिम लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो आणि अर्ज जास्त आले की सोडत निघते, तिला कुर्रा म्हणतात. आमच्या घरी तर सीमाप्रश्नानं यातही पाय घातलाय. मी निपाणीचा, म्हणून कर्नाटकच्या कोट्यात. बहीण कागलला दिलेली, वीस-बावीस किलोमीटरवर, ती महाराष्ट्राच्या कोट्यात. बहीण-भावानं एकत्र हजला जायचं म्हटलं तर दोन राज्यांत नशीब फळावं लागतं.

आजोबांच्या पिढीला हे प्रश्न नव्हते, त्यांचे वेगळे होते. मुंबईच्या गोदीतून बोट, आठवडाभराहून जास्त समुद्र, मग जेद्दा. मुंबईहून हाजींच्या बोटी 1995 पर्यंत जात होत्या. त्याही आधी, आदिलशाहीत, आपला हा मुलूख मक्केला निघायचा तो दाभोळ बंदरातून. तिथली समुद्राकाठची मशीद विजापूरच्या एका शहजादीनं बांधली अशी आख्यायिका आहे. ती हजला निघाली, दाभोळपर्यंत आली, पुढं जाता येईना, आणि सोबत आणलेला खजिना तिनं मशिदीला लावला.

फ्लेक्सवरच्या 'संपूर्ण'चा अर्थ

आता थोडं स्वतःच्या अनुभवाचं. मी आणि अम्मा दोन वर्षांपूर्वी उमऱ्याला गेलो. टूरवाल्यानं 'सर्व जियारत' लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात मक्केत बस सौरच्या पायथ्याशी दहा मिनिटं थांबली, जबल-ए-नूर तर चालत्या बसमधून बोट करून दाखवला. "तो बघा नूर, फोटो काढा." चाळीस माणसं एका बाजूच्या खिडक्यांवर झुकली, मागच्या सीटवरच्या आजोबांना दिसला नाही, ते "कुठला, कुठला?" विचारत राहिले आणि सिग्नल सुटला. मी हिरावर चढलो तो नंतर, टॅक्सी करून, पदरच्या पैशानं. खजूर बाजारात मात्र तीच बस सव्वा तास उभी होती.

म्हणून जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी विचारावं: कुठं उतरवणार, कुठं नुसतं दाखवणार, प्रत्येक ठिकाणी किती वेळ, सोबत माहिती सांगणारा माणूस कोण, रियाजुल जन्नहची वेळ काढून देणार की आपली आपण काढायची. लेखी घ्यावं. म्हाताऱ्या माणसांना जियारत हजच्या दिवसांआधी फार दमवू नये. अरफातसाठी पाय शाबूत राहायला हवेत, ते फर्ज आहे, नूर नाही.

आम्हाला येता येईल का?

हे काकूंनी शेवटी विचारलं, आणि मला वाटतं सुरुवातीपासून त्यांना हेच विचारायचं होतं. मक्केत मुसलमान नसलेल्यांना प्रवेश नाही. मदिनेत हरमच्या, म्हणजे मशिदीच्या परिसराच्या पवित्र हद्दीत नाही, त्या हद्दीबाहेर शहराच्या भागांत अलीकडं जाता येतं. मी हे सांगितलं तेव्हा मला थोडं अवघडल्यासारखं झालं. काकू म्हणाल्या, "असू दे, आमच्याकडं पण कुठं कुठं नसतं सोडत." मग खजूर तोंडात टाकत अम्माकडं वळल्या.

"ते जाऊ दे. जाताना मी तुम्हाला सांगितलं होतं, माझ्या गुडघ्यांसाठी मागा म्हणून. ते कुठं मागितलात? त्या डोंगरावर की हिरव्या घुमटापाशी?"

अम्मा हसली. सफा-मरवाच्या सात खेपा म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास चालणं. तान्ह्या इस्माईलला पाणी मिळावं म्हणून त्याची आई हाजरा तिथं धावली होती, त्याची ती आठवण. व्हीलचेअर घे म्हटलं तर अम्मानं ऐकलं नव्हतं.

"खरं सांगू का काकू," अम्मा म्हणाली, "काब्यापाशी विसरले बघा. गर्दीत काय सुचतंय? पाचव्या खेपेला मरवावर माझाच गुडघा धरला, तवा तुमची आठवण झाली. तिथंच दोघींचं मिळून मागून टाकलं."